अ‍ॅडमिन नवशा आणि दाऊदचे गुलाब

नवशाला आता गावात नवशा कोणी म्हणत नाही. बायको सोडली तर सगळे म्हणतात अ‍ॅडमिन. फोनचं हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं हे जिला अजून धड कळत नाही अशी म्हातारीसुद्धा त्याच्या रिक्षातून उतरताना विचारते, "किती झालं रे, अ‍ॅडमिन?" आणि नवशाला ते इतकं गोड लागतं की तो भाडं घ्यायचंच विसरतो. म्हातारी काही वेडी नाही. तिला हे चांगलं ठाऊक आहे.

मानकोलीच्या पाठीमागे गोदामांच्या रांगा संपल्या की जे काही उरतं, ते नवशाचं गाव. रिक्षा चालते कामतघर ते मानकोली नाका. शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या दयेने. पण ज्या दिवशी सुकन्याने, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक पोरीने, त्याच्या फोनवर 'आपला गाव, आपली माणसं, ऑफिशियल' असा ग्रुप काढून दिला, त्या दिवसापासून ह्या माणसाच्या अंगात काय संचारलं ते देव जाणे. ऑफिशियल हा शब्द नवशाचा. गावाचा आधीचा ग्रुप ऑफिशियल नव्हता म्हणून बुडाला, असं त्याचं मत.

तो बुडाला भलत्याच कारणाने. काळूरामचा बाप वारला, ती बातमी ग्रुपवर पडली, आणि तिच्या पाठोपाठ कोणा दिवट्याने भावाच्या वाढदिवसाचा नाचणारा उंट टाकला. वर बाप, खाली उंट. काळूराम तेराव्यापर्यंत गप्प बसला आणि तेरावं उरकल्यावर उंटवाल्याच्या दारात दांडकं घेऊन उभा राहिला. गावात दोन तट पडले, ग्रुप मोडला. तेव्हा नवशाने ठरवलं की दुकानदाराने खोक्यात फोन दिला, चार्जर दिला, अक्कल काही दिली नाही. ती आता आपण द्यायची.

आणि मग नियम सुरू झाले. घरच्यांनी सांगितल्याशिवाय श्रद्धांजली वाहायची नाही, मागे एकाला वाहिली तर तो स्वतःच 'धन्यवाद' म्हणाला होता. ग्रुपवर मयत झालं की त्या दिवशी केक, नाच आणि मटणाचं ताट बंद. दुसऱ्याच्या बायकोच्या फोटोला लाल बदाम टाकायचा नाही, अंगठा चालेल. हरवलेलं पोर पुढे पाठवण्याआधी तारीख बघायची, कारण एक पोरगा कित्येक वर्षं हरवतोच आहे, त्याला आता मिशा फुटल्या असतील. कोणाच्या खासगी गोष्टीवर ग्रुपवर तोंड उघडायचं नाही. ग्रुपमधलं ग्रुपबाहेर न्यायचं नाही. घरचा चहा पिऊन बाहेर चहाडी करणारा आणि स्क्रीनशॉट काढणारा एकाच लायकीचे. आणि सगळ्यांत कडक नियम, गुड मॉर्निंग बंद. फूल नको, कपबशी नको, उगवता सूर्य नको. "सूर्य सगळ्यांच्या दारात येतो," नवशा म्हणायचा, "तो पाठवायची गरज न्हाय."

म्हणायचा, म्हणजे खरोखरच म्हणायचा. लिहायचा नाही. टायपिंगचं आणि नवशाचं सात जन्मांचं वैर. अंगठा असा की एका दाबात तीन अक्षरं उमटतात. म्हणून रोज सकाळी रिक्षाला अगरबत्ती ओवाळली की तो पाठच्या सीटवर पाय पसरून बसायचा, फोन तोंडाशी धरायचा आणि व्हॉइस मेसेज सोडायचा. "नमस्कार मंडळी. अ‍ॅडमिन बोलतोय." मग एक नियम, त्यावर एक दाखला, आणि शेवटी कोणाची तरी नाव न घेता काढलेली अब्रू. स्टँडवर लडकूची चहाची टपरी होती. लडकू तो मेसेज स्पीकरवर, तोही दुप्पट वेगाने, गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि लोक कपातला चहा सांडेपर्यंत हसायचे. पण ऐकायचे.

ह्या ग्रुपात गावाबाहेरचा माणूस एकच होता, दाऊद. कामतघरला बापाने टाकलेला लूमचा कारखाना तो चालवायचा. नावाला सेठ, एरवी स्वतः तेलकट बनियनवर मागामागांतून तुटलेले धागे जोडत फिरणारा. नवशा आणि तो मिसरूड फुटायच्या आधीपासूनचे. दोघांनी ह्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. पुढे एकाने रिक्षा घेतली आणि दुसऱ्याच्या गळ्यात कारखाना पडला. नवशाच्या लग्नातला अंतरपाट दाऊदच्या मागावर विणला होता. सुकन्या लहान असताना बाप रिक्षावर, आई काशी गोदामात कामाला, तेव्हा शाळा सुटली की पोर चाचाच्या कारखान्याच्या ओट्यावर बसून राहायची. त्याच ओट्यावर रोज दुपारी नवशा आणि दाऊद चहा प्यायचे. इतकी वर्षं चहा चुकला नव्हता.

आणि हा दाऊद रोज सकाळी ग्रुपवर गुलाब टाकायचा.

नवशाचा व्हॉइस मेसेज पडला रे पडला की त्याच्या पाठोपाठ गुलाब. लाल, पिवळा, कधी दव पडलेला. त्यावर 'शुभ गुरुवार' लिहिलेलं, मग वार शनिवार का असेना. नवशाने आधी समजुतीने सांगितलं, व्हॉइस मेसेजमध्ये. मग जरा तापून सांगितलं. मग म्हणाला, "मी नाव घेत न्हाय, पण कामतघरच्या एका सभासदाला हे शेवटचं सांगणं हाय." त्याला उत्तर म्हणून अख्खी परडी आली. दुपारी ओट्यावर चहा पिताना मात्र नवशाने ह्यातलं अवाक्षर काढलं नाही. ग्रुपचं ग्रुपवर, हाही त्याचाच नियम.

लडकूने मग काडी टाकली. "अ‍ॅडमिन, नियम काय आमच्यासारख्या फाटक्यांनाच? सेठ लोकांना माफी हाय वाटतं."

झालं. नवशाने दाऊदला काढून टाकलं. ग्रुपवर करड्या अक्षरांत तशी ओळ उमटली, सगळ्या गावाने वाचली. आणि हा शहाणा त्याच दुपारी चहाला ओट्यावर हजर. दाऊद बाहेर आलाच नाही. त्याची बायको मेहरुन्निसा दारात आली, म्हणाली, "सेठ काममें हैं," आणि आत गेली. नवशा तरातरा परत फिरला. मित्र असला म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम, असं स्वतःला सांगत त्याने स्टँडवर एकट्याने चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही एकट्याने. पावसाळा आला आणि गेला, तो एकट्यानेच चहा पीत होता आणि रोज म्हणत होता की लडक्या, तुझ्या चहाला चव न्हाय.

मग सुकन्याचं लग्न ठरलं. पोरगी मानकोलीच्या गोदामात माल स्कॅन करायच्या ड्युटीवर होती, आणि नवरामुलगा कुणाल, वज्रेश्वरीला कुंडाच्या वाटेवर त्याचं नारळ-प्रसादाचं दुकान. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. खोट काढली ती पोरीने. "चाचा हळदीला आला नाय," ती बापाला म्हणाली, "तर मी पाटावर बसणार नाय. पाट तुमचा, हळद तुमची, तुम्हीच लावून घ्या."

नवशाला वाटलं, पोरीचा रुसवा आहे, निघेल. काशीला तिची पोर चांगली ठाऊक होती. ती म्हणाली, "बापावर गेलीय. निघायचा न्हाय."

आता सरळ उठून जावं की नाही दाऊदकडे? पण मग तो अ‍ॅडमिन कसला. त्याने आधी ग्रुपची लिंक पाठवली. टिका निळ्या झाल्या, दाऊद काही आला नाही. "बघ," नवशा काशीला म्हणाला, "वाचून जवाब न्हाय. ही काय रीत झाली?" मग त्याने लग्नाचं कार्ड पाठवलं. तेच, जे साडूला, मेव्हण्याला, स्टँडच्या पोरांना आणि गॅसवाल्याला पाठवून झालं होतं. दोन दिवसांनी बाजारात मेहरुन्निसा काशीला भेटली. "भाभी, कार्ड मिळालं," ती म्हणाली. "त्यावर लिहिलंय, बहुत बार फॉरवर्ड. आम्ही आता बहुत बारवाले झालो काय?"

काशीने घरी येऊन नवऱ्याची जी पूजा बांधली ती शेजारच्या तीन घरांनी ऐकली. "अरे, चूलबंद आवतन हाय त्यांना! अख्ख्या घराला जेवायला बोलवतो आपण, त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटायची न्हाय. ते काय फोनवर देतात? उंबऱ्यात उभं राहून, घरच्या बाईला, एकेकाचं नाव घेऊन सांगायचं असतं. तुझ्या आयशीने सांगितलं, माझ्या आयशीने सांगितलं. आणि तू गावाला रीत शिकवतोस."

ते मात्र नवशाला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामतघरच्या फाट्यावर, रिक्षात कोणी नसताना त्याने फोन तोंडाशी धरला. ह्या वेळी नमस्कार मंडळी नाही. "दाऊद, मी बोलतोय. अरे, मी गाढव हाय. एक फूल टाकत होतास, त्याने कोणाच्या बापाचं काय बिघडत होतं? लडक्या बोलला आणि मला चेव आला. तुझ्याबिगर चहा गोड लागत न्हाय रे. पोर माझ्यापेक्षा तुझ्याच ओट्यावर वाढली. तू आला न्हायस तर मी कोणाकडं बघून तिला सासरी धाडू?" पुढे थोडा वेळ फक्त नाक ओढल्याचा आवाज होता. मग त्याने अंगठा उचलला.

सवयीचा अंगठा. रोज सकाळी जिथे जायचा तिथेच गेला होता. मेसेज ग्रुपवर पडला.

नवशाच्या ते लगेच ध्यानात आलं. पण अ‍ॅडमिन आहे, त्याला उपाय माहीत. मेसेज दाबून धरला, फोनने काहीतरी दोन-तीन पर्याय विचारले, हाताला आला तो घाईघाईने दाबला, आणि मेसेज नाहीसा झाला. त्याने चारदा बघितलं. नव्हता. वाचलो रे देवा, म्हणून त्याने कपाळावरचा घाम पुसला. आता पुन्हा बोलायची छाती होईना, म्हणून उद्या बोलू म्हणाला.

त्या संध्याकाळपासून गाव बिघडलं. लडकूने चहात मलई घालून दिली आणि एक टोमणा मारला नाही. काळूराम, ज्याचं तोंड बाप गेल्यापासून वाकडं होतं, तो येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. म्हातारीने उतरताना भाडं दिलं, मोजून, वर गालाला हात लावून बोटं मोडली. नवशाला वाटलं, पोरीचं लग्न जवळ आलंय म्हणून लोक मायेने वागतायत. पण रात्री काशीने ताटात न मागता आणखी एक बोंबील वाढला, तेव्हा मात्र तो दचकला.

"काय झालंय काय सगळ्यांना?"

सुकन्याने बापाकडे पाहिलं. तिला हसू येत होतं आणि रडूही. "बाबा, तुम्ही मेसेज फक्त तुमच्या फोनमधून उडवलात. बाकी सगळ्यांकडे आहे. अख्ख्या गावाने ऐकला."

नवशाच्या हातातला बोंबील हातातच राहिला. तो ताटात ठेवून त्याने विचारलं, "मग दाऊदला कळलं असंल?"

"कसं कळणार? तो ग्रुपमध्ये कुठेय? तुम्हीच काढलात."

"अगं, पण कोणीतरी त्याला ऐकवला असंल की!"

"ग्रुपमधलं ग्रुपबाहेर न्यायचं नाय," सुकन्या म्हणाली. "खासगी गोष्टीवर तोंड उघडायचं नाय. तुमचाच नियम आहे ना?"

आजवर ज्या गावाने एक नियम धड पाळला नाही, त्या गावाने नेमका हाच पाळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवशा लडकूच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. मान खाली. "लडक्या, तो मेसेज दाऊदला पाठव."

"नियमात बसत न्हाय, अ‍ॅडमिन."

"मोड नियम."

"उद्या मला काढशील."

"लडक्या, पाया पडू काय तुझ्या?"

लडकूने गुमान मेसेज पाठवला. दोघं फोनवर डोकी घालून बसले. टिका निळ्या झाल्या. म्हणजे दाऊदने बघितला. पण मेसेजजवळचा तो छोटा माइक काही निळा होईना. म्हणजे बघितला, ऐकला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, माइक आहे तसाच. हळद उद्यावर आली. सुकन्या हातावर मेंदी काढून बसली होती आणि बापाशी बोलत नव्हती.

"ऐकला पण न्हाय त्याने," नवशा घरात येरझाऱ्या घालत होता. "मी गाढव म्हटलं स्वतःला. गावासमोर! आणि हा ऐकत न्हाय. एवढा माज?"

"पाय मोडलेत काय तुझे?" काशी म्हणाली. "जा ना उठून."

सकाळ होताच तो गेला.

कारखान्यात मागांचा खडखडाट नुसता उसळत होता. ज्याने लूमवर काम केलं नाही त्याला वाटतं, इथे माणसं ओरडून बोलत असतील. ओरडून काही उपयोग नसतो. लूमवाला समोरच्याच्या ओठांकडे बघतो आणि ओठ हलवून उत्तर देतो, आवाज काढायच्या भानगडीत पडतच नाही. नवशाला ते पोरवयापासून येत होतं. तो दोन मागांच्या मधून जाऊन दाऊदच्या समोर उभा राहिला. दाऊदने तुटलेला धागा जोडला, माग चालू केला आणि मग वर पाहिलं. डोक्यात कापसाचं भुसकट, दाढी आणखी पांढरी झालेली.

"माझा मेसेज ऐकलास का?" नवशाने ओठांनी विचारलं.

दाऊदने हात पुसले, खिशातून फोन काढला आणि लडकूने पाठवलेला मेसेज दाखवला. मग त्याने ज्यातून त्याला काढलं होतं तो ग्रुप उघडला आणि वर सरकवत नेला. नवशाचा व्हॉइस मेसेज, खाली गुलाब. व्हॉइस मेसेज, गुलाब. महिनोन्‌महिने. एकही मेसेज ऐकलेला नाही.

"दाबून ऐक की," नवशा म्हणाला.

दाऊदने मेसेज दाबला आणि फोन नवशाच्याच कानाला लावला. कानात नुसते माग खडखडत होते. नवशाला स्वतःच्या आवाजातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. दाऊद त्याच्याकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि पंजा हलवला. गेले. दोन्ही.

"बाहेरपण असंच," दाऊदचे ओठ म्हणाले. "दोन-तीन साल झाले. बोललो नाय कोणाला. सेठ बहिरा झाला म्हणून कशाला हसू करून घ्यायचं?"

नवशाला ओट्यावरच्या सगळ्या दुपारी आठवल्या. आपण बोलतो तेव्हा दाऊद कसा टक लावून आपल्या तोंडाकडे बघतो, आणि आपण मनात म्हणायचो, काय मन लावून ऐकतो हा माणूस.

"तू रोज सकाळी काहीतरी बोलायचास," दाऊद म्हणाला. "काय ते कळायचं नाय. पण उठल्या उठल्या याद करतो, एवढं कळायचं. मग जवाब द्यायला पाहिजे ना? म्हणून गुलाब."

नवशाने खाली बघितलं. पायाजवळ कापसाचे पुंजके लोळत होते. ज्या माणसाशी आपण जन्मभर तोंडासमोर तोंड धरून बोललो, त्याला आपण रोज सकाळी कानात ओरडून शिस्त शिकवत होतो, आणि वर त्याने फूल दिलं म्हणून घराबाहेर काढलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तसाच मागे फिरणार होता. पण दाऊद समोरून हलला नाही.

मग नवशाने माफी मागितली. सगळी, पहिल्यापासून, गाढवासकट. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, सावकाश, एकेक शब्द. बाजूच्या मागावरचा कारागीर बघत असूनही त्याने पाठ वळवली नाही. डोळे वाहत होते ते वाहू दिले.

दाऊदने सगळं वाचून घेतलं. मग म्हणाला, "तो उंटवाला हाय ना अजून ग्रुपमध्ये?"

"हाय."

"त्याला ठेवलास आणि मला काढलास," दाऊद म्हणाला, आणि त्याचे खांदे हसण्याने हलायला लागले.

कारखान्याला लागूनच दाऊदचं घर. नवशा उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, चप्पल काढून. मेहरुन्निसाला म्हणाला, "भाभी, आज सुकन्याची हळद. चूलबंद आवतन हाय. दाऊद, तुम्ही, अम्मार, कौसर, सगळ्यांनी यायचं." मुलांची नावं घेताना तो अडखळला नाही. मेहरुन्निसाने त्याला दोन क्षण तसंच उभं ठेवलं, तेवढा तिचा हक्क होता. मग आत जाऊन घडी घातलेलं पांढरं कापड आणून त्याच्या हातात दिलं. "अंतरपाट," ती म्हणाली. "लग्न ठरल्याचं कळलं त्याच हफ्त्यात विणून ठेवलंय. आवतनच येईना तुमचं."

संध्याकाळी हळद दणक्यात झाली. मांडवाच्या तोंडाशी दाऊद दिसला तशी सुकन्या जागची उठली आणि न सांगता पाटावर जाऊन बसली. दाऊदने तिच्या गालाला हळद लावली, आणि उरलेली नवशाच्या टकलाला. गाव हसलं. त्या माफीबद्दल मात्र एक माणूस बोलला नाही. नियम म्हणजे नियम.

लग्न झालं, पोर वज्रेश्वरीला गेली. घर रिकामं पडल्यावरच्या पहिल्या सकाळी नवशाने रिक्षाला अगरबत्ती ओवाळली आणि पाठच्या सीटवर बसला. ग्रुपवर ओळ उमटली की दाऊद परत आला आहे. गाव 'नमस्कार मंडळी'ची वाट बघत होतं. लडकूने स्पीकर तयार ठेवला होता. आवाज काही येईना. आला तो गुलाब, दव पडलेला, 'शुभ गुरुवार' लिहिलेला. वार सोमवार होता.

"अ‍ॅडमिन, नियम?" लडकूने लगेच ग्रुपवर विचारलं.

 तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली, रिक्षात चढली आणि त्याला पुढच्या सीटवर जायला सांगू लागली. नवशा जागचा हलला नाही. त्याचा जाडा अंगठा फोनवर एकेक अक्षर शोधत होता, चुकत होता, खोडत होता, पुन्हा शोधत होता.

"काय रे अ‍ॅडमिन," म्हातारी म्हणाली, "आज बोलला न्हायस तो?"

"थांब गं जरा," नवशा मान वर न करता म्हणाला. "लिवतोय."